हाडकुळ्या उजवीकडे का जातो?

माझा हात उजवीकडे ओढतो, ही बातमी मला सन्मती चौगुलेने दिली, आणि तीही कॅन्टीनमध्ये, माझा पाव मिसळीच्या कटात बुडालेला असताना. हात माझा, जन्मापासून माझ्याच खांद्याला लटकलेला. त्याच्याबद्दलची बातमी मला दुसऱ्याकडून कळावी हे काही पटेना. मी हात समोर धरून पाहिला. सरळ होता. म्हणजे मला तरी सरळ वाटला.

"असा धरून दिसत नाही ते," सन्मती म्हणाला. "हाडकुळ्याकडं बघ. पोतं उचललं की उजवीकडं जातोय. आणि त्याला शिकवलं कुणी? तू."

मी पाव खाल्ला. दुसरं काय करणार?

हाडकुळ्या म्हणजे आमच्या यंत्रमानवाचा हात. सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची टीम तिघांची. सन्मती कप्तान, डिझाइन त्याचं. तौफिक मुजावर इलेक्ट्रॉनिक्स बघतो. आणि मी, त्रिशला आवटी, चालक. आमच्या डोक्यावर हुल्याळकर सर. नाशिकला भरणाऱ्या 'उचल' स्पर्धेचा नियम ऐकायला सोपा आहे. यंत्रमानवाने वाळूची पोती जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायची, उचललेल्या वजनाला हाताच्या वजनाने भागायचं, येईल तो गुण. म्हणजे पोती जड हवीत आणि हात हलका. पहिल्या वर्षी आम्ही अॅल्युमिनियमचा हात केला. तो तालमीतल्या निवृत्त पैलवानासारखा होता, ताकद भरपूर, पण स्वतःचंच अंग उचलताना दमायचा. दुसऱ्या वर्षी सन्मतीने त्याला वजन कमी करायला इतकी भोकं पाडली की पहिल्याच पोत्याला तो मोडला. या वर्षी सरांनी अस्थिजाल आणलं.

अस्थिजाल काय आहे ते सांगायचं तर माझ्या धाकट्या भावाचा हात आठवावा लागतो. तो सायकलवरून पडला आणि हात मोडून घेतला. प्लास्टर काढल्यावर आतून निघालेला हात बघून आईला रडू आलं, इतका तो बारीक झाला होता. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, शरीर काटकसरी असतं. जिथे काम नाही तिथला माल ते काढून नेतं, जिथे काम पडेल तिथे आणून टाकतं. हाडसुद्धा असंच झिजतं आणि असंच भरतं. अस्थिजालाने शरीराची हीच काटकसर उचलली आहे. ते म्हणजे केसासारख्या धाग्यांचं दाट जाळं, आणि त्यातून झिरपणारा एक रस. भार आला की तो ज्या धाग्यांवर येतो त्यांच्यावर रसातला घट्ट पदार्थ साचत जातो. ज्यांच्यावर भार येत नाही ते धागे विरघळून रसात जातात. हे सगळं होतं उबेत. म्हणून दिवसा हाताला भार द्यायचा आणि संध्याकाळी त्याला ऊबपेटीत झोपवायचं. कोंबडीची पिल्लं काढायला जशी पेटी असते तशीच आमची ऊबपेटी होती, फक्त लांबट, आणि आतली हवा ओलसर.

सुरुवातीला हाडकुळ्या मांडीएवढा जाड होता. मी रोज सकाळी जॉयस्टिक धरून बसायचे. पोतं उचल, ठेव, उचल, ठेव. रोज तो थोडा बारीक आणि थोडा बळकट होऊन पेटीतून निघायचा. नवरात्र आलं तोवर तो माझ्या मनगटाएवढा झाला होता, आणि पोती मात्र मुकाट्याने उचलत होता. सन्मती त्याला रोज काट्यावर ठेवायचा आणि लग्न ठरलेल्या मुलीसारखा लाजून हसायचा. त्याचं सगळं वर्ष त्या काट्यावर होतं.

या शिकवण्याला पुस्तकात भारसंस्कार असा शब्द आहे, आणि संस्कार म्हटले की नियम आलेच. सरांचा पहिला नियम, एक हात, एक चालक. दुसऱ्या कुणी जॉयस्टिकला बोट लावायचं नाही, कारण हाडकुळ्या त्याचंही शिकेल. दुसरा नियम, संध्याकाळी हाडकुळ्या पेटीतच गेला पाहिजे आणि पेटी कधीही बंद पडता कामा नये. ऊब गेली की रस गोठतो आणि शिकलेलं अर्धवट राहतं. हे नियम आम्ही सोवळ्यासारखे पाळले. पुढचा घोटाळा नियम मोडल्याने झाला असता तर समजण्यासारखं होतं.

अस्थिजाल बाजारात आलं तेव्हा त्याची गंमतच होती. कुबड्या झाल्या, हातोड्यांचे दांडे झाले, खुर्च्या झाल्या. एका कचेरीतल्या साहेबांची बदली झाली तर त्यांची खुर्ची नव्या साहेबांना बसूच देईना. आधीचे साहेब डाव्या अंगावर कलून डुलकी काढायचे हे सगळ्या कचेरीला तेव्हा कळलं. मग कंपन्यांना सुचलं, की वस्तूवरून माणूस वाचता येत असेल तर आधी वस्तूच मागवावी. धाग्यांचा फोटो दिला की हे जाळं कोणकोणत्या भारांनी घडलं ते उलटं शोधून काढणारे प्रोग्रॅम आले. आता नोकऱ्या द्यायला कॉलेजात येणाऱ्या कंपन्या गुणपत्रिका बघतात ती उपचारापुरती. त्यांना स्पर्धेतला हात हवा असतो. चालक उतावळा आहे का, कंटाळतो का, दमल्यावर चुकतो का, सगळं त्यात उमटतं म्हणे. हाडकुळ्याच्या अंगावर जे उमटेल ते माझ्या नावावर चढणार होतं. आणि उमटलं होतं ते हे, की त्रिशला आवटीचा हात वाकडा आहे.

दसऱ्याची सुट्टी संपून आम्ही परत आलो तेव्हा तो बरा होता. दोन-तीन दिवसांनी उजवीकडे जरासा कलायला लागला. मग जास्त. मग पोतं फळीच्या कडेवर टेकायला लागलं, आणि एक तर धपकन खाली पडून फुटलं. कोपराजवळ एक फुगवटाही आला होता, गालफुगी झाल्यासारखा.

त्या आठवड्यात मी स्वतःवर पाळत ठेवली. मोकळ्या रस्त्यावर स्कूटीचं हँडल क्षणभर सोडून पाहिलं, ती उजवीकडे गेली. पण रस्ताही तिकडेच उतरता होता. चहा ओतताना कपाच्या उजव्या बाजूला सांडला. पण कप आईने सरकवला होता. माझी सही उजवीकडे चढत जाते, पण ती सगळ्यांचीच जाते. दाराच्या कडीपासून कंगव्यापर्यंत मी काय धरलं आणि ते कुठे गेलं हे बघत बसले, आणि जितकं बघितलं तितकं मला काहीच कळेनासं झालं.

"काय करालीस गं सारखी हाताकडं बघत?" आई म्हणाली. "मेंदी काढायचीय का?"

घरी खरं सांगायची सोय नव्हती. माझ्या पप्पांचं बॅनर छापायचं दुकान आहे. प्लास्टिकवर बंदी आल्यापासून ते कापडावर छापतात, तरी गावात त्यांना फ्लेक्सवाले आवटी म्हणूनच ओळखतात. गल्लीच्या तोंडाला दोन बांबू रोवून त्यांनी माझा हा एवढा मोठा फोटो लावला होता. 'राष्ट्रीय उचल स्पर्धेच्या सारथी कु. त्रिशला आवटी यांना हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी गल्ली. त्यात गेल्या वर्षी वारलेले कोपऱ्यावरचे काकाही होते, कारण पप्पांनी नावं गणपतीच्या बॅनरवरून उचलली होती. दूधवाला मला "काय सारथी" म्हणून हाक मारायचा. रोज सकाळी मी त्या फोटोखालून कॉलेजला जायचे आणि संध्याकाळी त्याच्याखालून परत यायचे. फोटोतली मी फार खात्रीने हसत होते.

शेवटी तौफिकने हाडकुळ्याचं उलटं वाचन लॅबमधल्या पडद्यावर लावलं. सर आले, सन्मती आला, मी मागे उभी राहिले. पडद्यावर हिरव्या रेघांचा झुबका वर जात होता. त्या माझ्या उचली. प्रत्येक रेघ जराशी थरथरती, माणसाच्या हाताची. त्या बघून मला बरं वाटलं. आणि त्यांच्या मधोमध एक लाल रेघ होती. कोपरापासून निघून खाली आणि डावीकडे जाणारी. सलग. तिला थरथर नव्हती की विश्रांती नव्हती.

"ही तर डावीकडं ओढतीय," मी म्हणाले. "आणि हाडकुळ्या जातोय उजवीकडं. मग?"

"म्हणूनच जातोय," सन्मती म्हणाला. "भरलेली बादली घेऊन चालणारा माणूस बघ. बादली डाव्या हातात असली की तो अंग उजवीकडं टाकतो. हाडकुळ्यानं तसं अंग टाकायला शिकून घेतलंय. आता बादली नाही, पण अंग तिकडंच."

"पण बादली कुठली?"

"तुझा तळवा. जॉयस्टिकवर डावीकडं टेकवून बसतीस तू."

"माझा हात थरथरतो. ही रेघ थरथरत नाही."

"टेकवलेला तळवा थरथरत नाही," सन्मती म्हणाला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला भांडता आलं असतं.

मी जॉयस्टिकशी जाऊन बसले. मी तळवा टेकवते का? जिना उतरताना आपण पाय कसा टाकतो याचा विचार केला की हमखास अडखळायला होतं, तसं झालं. मी रोज कशी बसते तेच मला आठवेना. टेकवला तर टेकवलेला बरोबर वाटे, उचलला तर उचललेला.

"दुसऱ्या कुणी चालवून बघू या की," तौफिक म्हणाला.

"त्यानं काय सिद्ध होणार?" सर म्हणाले. "वाकडेपणा आता त्याच्यात मुरलाय. मी चालवला तरी उजवीकडंच जाईल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, दोष कुणाचा ते राहू दे. राहिलेल्या दिवसांत सरळ हाताखाली गेला तर थोडं तरी सुधारेल. सन्मती चालवेल. त्रिशला, तू घरी विचार कर आणि उद्या सांग. जबरदस्ती नाही."

जबरदस्ती नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, आणि त्यातलं खरं कुठलं हे मला स्कूटीवर घरापर्यंत ठरवता आलं नाही. फक्त एवढं ठरलं की पप्पांना आजच सांगायचं.

पप्पा गल्लीच्या तोंडालाच सापडले. स्टुलावर चढून बॅनरशी झटापट करत होते. बॅनर उजवीकडे कलला होता. फोटोतली मी तिरपी होऊन हसत होते.

"आलीस? जरा धर हे टोक," पप्पा म्हणाले. "दसऱ्याला ओळंबा लावल्यासारखा सरळ होता की. आता उजवीकडं का निघालाय कळेना."

"काय केलंत तुम्ही त्याला?"

"काय करणार? हार काढला नुसता. खंडेनवमीला छपाईच्या मशीनला घातला, स्कूटरला घातला, म्हटलं पोरीच्या फोटोलाही घालू या. डाव्या बांबूला अडकवला होता. ओला झेंडू, चांगला वजनदार. बांबू डावीकडं वाकायला लागला म्हणून उजव्या बाजूनं दोरीनं ताण दिला. आता फुलं वाळून गळायला लागली, म्हणून आज हार काढला, तर हा दोरीकडंच यायला लागला."

मी टोक धरून उभी राहिले. खाली फुटपाथवर वाळलेला हार पडला होता.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्येही पूजा झाली होती. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. सरांनी लेथला कुंकू लावलं, ड्रिल मशीनला लावलं. तौफिकच्या चाचांचं मिरजेच्या बाजारात फुलांचं दुकान. त्यांनी मुद्दाम भरगच्च हार पाठवला होता, मशीनला घालायचा तर नीट घाला म्हणून. तो हार हाडकुळ्याच्या कोपराला, डाव्या बाजूने, सन्मतीने घातला. सगळ्यांनी पेढा खाल्ला. मग दसऱ्याची सुट्टी लागणार म्हणून संध्याकाळी लॅब बंद करायची वेळ आली. पूजेचा हार त्याच दिवशी उतरवायचा नाही, ही रीत. हाडकुळ्या संध्याकाळी पेटीत गेलाच पाहिजे, हा नियम. सन्मतीने दोन्ही पाळलं. हारासकट त्याला पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि आम्ही तिघांनी पेटीला नमस्कार करून घर गाठलं. आतल्या ओलाव्यात फुलं सुकलीसुद्धा नसतील. सुट्टीभर तो हार जसाच्या तसा लटकत राहिला, आणि हाडकुळ्या उबेत पडल्या पडल्या रात्रंदिवस एकच धडा गिरवत राहिला. माझी उचल क्षणभराची, हार अखंड. सुट्टीनंतरही तो दोन-तीन दिवस कोपरालाच होता, बाहेरच्या हवेत सुकून हलका होत गेला, मग लॅब झाडली तेव्हा निर्माल्यात गेला आणि आम्ही सगळेच तो विसरलो.

त्याला पूजा कशी कळणार? त्याला ओझंच कळतं.

मी तिथूनच तौफिकला फोन लावला. "ती लाल रेघ किती वजनाची आहे?"

"पाऊण किलोच्या आसपास. का?"

"चाचांना विचार, खंडेनवमीचा हार किती वजनाचा होता."

तो मग म्हणाला, "या अल्ला." आणि फोन ठेवला. परत केला तेव्हा त्याच्या आवाजात हसू होतं. "चाचा म्हणतायत, पाऊण किलो पक्का होता, एक फूल कमी नाही. पैसे द्यायचे राहिलेत काय विचारतायत."

मी फोन खिशात टाकला तेव्हा पप्पा स्टुलावरून उतरून माझ्याकडे बघत उभे होते.

"म्हणजे हात सरळ आहे तुझा?" ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं वाकडा आहे म्हणून?"

"कुणी नाही. चहा सांडला तेव्हा कप आईनं सरकवला होता, तरी तू अर्धा तास हाताकडंच बघत बसलीस." ते दोरीची गाठ चाचपत राहिले. "म्हटलं, सांगेल सांगायचं तेव्हा."

मला आठवडाभर ज्याची भीती वाटत होती ते त्यांना आठवडाभर माहीत होतं. आता खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला रडू आलं, आणि रडता रडता मी भलतंच बोलले.

"पप्पा, हा बॅनर काढू या का?"

"का गं? कौतुकानं लावलाय."

"माहीत आहे. हारही कौतुकानंच घातला होता." मी नाक पुसलं. "मी रोज याच्याखालून जाते. सर म्हणाले चालक बदलू, तर मला पहिल्यांदा हात नाही आठवला, हा बॅनर आठवला. तुम्हाला सांगायचं होतं, पण याच्यामुळं तोंड उघडेना. मी कुठंतरी अंग टाकून चालायला लागले असेन, मलाच कळत नाहीये."

पप्पांनी आयुष्यात हजारो बॅनर छापले असतील, पण कौतुकाचा बॅनर वेळेआधी उतरवायला त्यांना आजवर कुणी सांगितलं नसावं. त्यांचा चेहरा जरा उतरला, आणि मला वाटलं, चुकलंच आपलं. मग ते परत स्टुलावर चढले आणि एकेक गाठ सोडायला लागले.

"कापड चांगलंय," खाली बघत म्हणाले. "मशीनवर झाकायला होईल."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावून हसत राहिले. सन्मती हसला नाही. तो हाडकुळ्याच्या कोपराजवळ जाऊन उभा राहिला, त्या फुगवट्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"हार मी घातला होता," तो म्हणाला.

"रीतच आहे ती," मी म्हणाले.

"पेटीत पण मीच ठेवला. आणि तुला म्हणालो तळवा टेकवतीस."

"ते अजून मला माहीत नाही. टेकवत असेनही."

मग आमचा नेहमीचा प्रश्न समोर आला, आता करायचं काय. हाडकुळ्याला नव्याने शिकवायला वेळ उरला नव्हता. फुगवटा कापला तर तो मोडणार. तसाच न्यावा तर पोती फळीवरून पडणार. उरला एकच मार्ग. जो भार गृहीत धरून तो उभा होता तो त्याला परत द्यायचा. तौफिकने गंमत म्हणून चाचांकडून नवा हार आणला, तो कोपराला लावला, आणि मी जॉयस्टिक धरली. पोतं सरळ वर गेलं आणि फळीच्या मधोमध बसलं.

"पण हाराचं वजन हातात धरणार," सर म्हणाले. "गुण उतरणार."

हे सन्मतीला आमच्याआधी कळलं होतं. वर्षभर त्याने त्या हाताचं वजन उतरवलं होतं, धाग्याधाग्याने. आमचा पहिला नंबर कुठे असेल तर त्याच उतरलेल्या वजनात होता. त्याने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हार नको," तो म्हणाला. मला वाटलं झालं, हा आता परत चालक बदलायचं काढणार. पण तो म्हणाला, "झेंडू नाशिकला पोचेपर्यंत सुकेल. वाळू सुकत नाही." त्याने खिशातून रुमाल काढला, फुटलेल्या पोत्यातली वाळू मोजून त्यात घातली, गाठ मारली आणि हार होता नेमकी तिथेच ती पुरचुंडी बांधली. मग हाडकुळ्याला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, आणि काटा बंद करून टाकला.

नाशिकला वजनाच्या टेबलावर परीक्षक बाईंनी ती पुरचुंडी बोटाने हलवून बघितली. बाकीचे हात चकचकीत होते. आमच्या हाताला निळ्या चौकड्यांचा रुमाल.

"हे काय आहे?"

"हार," तौफिक म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हाताच्या वजनात धरावं लागेल."

"धरा," सन्मती म्हणाला.

मी जॉयस्टिकशी बसले तेव्हा शेवटच्या क्षणापर्यंत तळव्याचा विचार करत होते. मग शिट्टी वाजली आणि विसरले. हाडकुळ्याने पहिलं पोतं उचललं, ते सरळ वर गेलं. दुसरंही गेलं. आम्ही फळी भरली, एकही पोतं पडलं नाही, आणि भागाकार केल्यावर आमचा चौथा नंबर आला. रुमाल नसता तर पहिला आला असता, असं सन्मती परतीच्या बसमध्ये एकदाच म्हणाला. आणि रुमाल नसता तर पोती पडली असती, असं पुढे स्वतःच म्हणाला. दोन्ही खरं होतं. त्यानंतर तो खिडकीला डोकं टेकून झोपला, उजवीकडे.

एका कंपनीच्या माणसाने आमचं उलटं वाचन बघून लाल रेघेवर बोट ठेवलं होतं. हा अखंड भार कसला, म्हणून विचारलं. मी पूजेचा हार म्हणून सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. त्याला ते चांगलं वाटलं की वाईट, हे मला आजही माहीत नाही.

गल्लीच्या तोंडाला रिक्षातून उतरले तेव्हा दोन्ही बांबू नुसतेच उभे होते. मधली जागा इतकी मोकळी दिसत होती की क्षणभर मला आपली गल्लीच ओळखू येईना. खाली पप्पा उभे होते, एक हात पाठीमागे धरून.

"चौथा नंबर आला," मी आधीच सांगून टाकलं.

"ते कळलं, तौफिकनं फोन केलता," पप्पा म्हणाले. "हात?"

"सरळ आहे."

त्यांनी मान हलवली. मग पाठीमागचा हात पुढे आणला. त्यात झेंडूचा हार होता, ओला, ठेचून भरलेला. ते अवघडून माझ्याकडे बघत राहिले.

"आणलाय खरा," म्हणाले. "पण घालू का?"

मला हो म्हणायचं होतं आणि नाहीही म्हणायचं होतं. "घाला," मी म्हणाले, "पण लगेच काढा."

पप्पांनी हार माझ्या गळ्यात घातला, एक पाऊल मागे सरकून डोळे भरून बघितलं, आणि कबूल केल्याप्रमाणे लगेच काढून घेतला. मान हलकी झाली. आणि का कोण जाणे, हार गेल्यावर ती कुठे ठेवायची हे काही वेळ मला कळेना.